कारखान्याची नाडी पाहणारे

दरवर्षीं बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले, कीं आमच्या टपालाचा रंग पालटतो. एरवीं पाककृति, प्रवास, मुलांचीं दुखणीं यांविषयीं लिहिणारे वाचक एकदम मुलाला कोणत्या शाखेला घालावें, हा एकच प्रश्न विचारूं लागतात. यंदां सांगलीच्या एकाच घरांतून आम्हांस दोन पत्रें आलीं, आणि तीं परस्परांस न दाखवतां लिहिलेलीं असावींत हें मजकुरावरून उघड दिसत होतें. आजोबांचें म्हणणें असें, कीं नातवानें गांव सोडूं नये. १९४७ सालीं सुरू झालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचें वालचंद, घराशेजारीं असतां मिळेल ती शाखा घ्यावी आणि दोन वेळां घरचें जेवावें. वडिलांचें म्हणणें, गांव कोणतेंहि चालेल, पण शाखा कॉम्प्युटरचीच हवी. बाकीच्या शाखांना लग्नाच्या बाजारांतहि किंमत उरलेली नाहीं. वडिलांच्या पत्राच्या समासांत मुलाच्या काकूंनीं बारीक अक्षरांत दोन ओळी घातल्या आहेत. मुलगा स्वतः इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतो. तें काय असतें हें घरांत कोणासच ठाऊक नाहीं, तेवढें लिहावें, अशी त्यांची विनंति आहे. आम्ही काकूंच्या प्रश्नापासूनच आरंभ करतों, कारण तिघांत विचारण्यासारखा प्रश्न त्यांनींच विचारला आहे.

सांगलीकरांस वास्तविक हें शास्त्र अगदींच परकें नाहीं. पावसाळ्यांत येथें सकाळीं उठल्याबरोबर पहिला प्रश्न असतो तो आयर्विनला पाणी किती, हा. १९२९ सालच्या त्या पुलापाशीं कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका हे आंकडे येथील पोरासोरांनाहि पाठ आहेत. आणि २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, तें ज्यांच्या माजघरांत शिरलें त्यांना तें साल निराळें सांगावयास नको. आतां या एका आंकड्याचा प्रवास पाहा. पातळी मोजली गेली, हें मापन. ती पाटबंधारे खात्याच्या कचेरींत पोंचली, हा निरोप. पातळी, धरणांतील सांठा आणि पुढचा पाऊस यांचा मेळ घालून किती पाणी सोडावें हें ठरलें, हा निर्णय. आणि तिकडे सातारा जिल्ह्यांत कोयना धरणाचे सहा वक्राकार दरवाजे कांहीं फूट वर किंवा खालीं झाले, ही कृति. या कृतीचा परिणाम कऱ्हाडच्या संगमावरून खालीं उतरून पुन्हां आयर्विनपाशींच मोजला जातो, आणि चक्र पुरें होतें. मध्यें कित्येक तास जातात. दरवाजा हालवल्याबरोबर सांगलीचें पाणी हालत नाहीं. तेवढा धीर न धरतां जो पुन्हां पुन्हां दरवाजा हालवील, तो आधीं थोडें आणि मागाहून फार करून बसेल.

इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोल म्हणजे हेंच चक्र. फरक इतकाच, कीं कारखान्यांत तें शेंकडों ठिकाणीं एकाच वेळीं चालू असतें, आणि प्रत्येक फेरा सेकंदांत किंवा त्याहूनहि कमी वेळांत पुरा होतो. उष्णता, दाब, प्रवाह आणि पातळी या चार गोष्टी नीट मोजतां आल्या, कीं कारखान्याचीं बहुतेक दुखणीं कळतात. मोजलेला आंकडा ट्रान्समीटर नांवाचें उपकरण तारेवरून नियंत्रण-कक्षाकडे पाठवतें; तेथील कंट्रोलर हवें किती आणि आहे किती यांतील अंतर पाहून कंट्रोल व्हॉल्व्हला उघडण्या-मिटण्याचा हुकूम देतो. पूर्वीं हा निरोप नळींतील हवेच्या दाबानें जात असे. आज तो बहुधा ४ ते २० मिलिअँपियर इतक्या बारीक विजेच्या प्रवाहानें जातो. आरंभ शून्यापासून न करतां चारापासून कां केला, यांत या धंद्याचें शहाणपण दिसतें. टांकी पूर्ण रिकामी असली तरी निरोप चाराचा येतो. तार तुटली तर मात्र शून्य येतें. गांवाहून पत्र आलें पण त्यांत विशेष कांहीं नाहीं, आणि पत्रच आलें नाहीं, या दोहोंत घरच्या माणसांच्या जिवाला केवढें अंतर वाटतें! तेंच अंतर येथें चार आणि शून्य यांमध्यें आहे.

या दोन जिल्ह्यांत हें काम पाहावयाचें तर साखर कारखान्यासारखी जागा नाहीं. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, यशवंतनगरचा सह्याद्रि, सांगलीचा वसंतदादांच्या नांवाचा, कोणताहि घ्या. उंसाचा रस निघाला कीं त्यांत चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर घालून तो स्वच्छ करतात. त्या वेळीं रस आंबट राहिला तर साखरेचे तुकडे पडून तिची अशी साखर होते, कीं जी दाणा धरीत नाहीं आणि मळींत वाहून जाते; उलट चुना अधिक झाला तर रसाला रंग चढतो आणि साखर काळवंडते. म्हणून रसाचा पी-एच. सातच्या आसपास ठेवावयाचा असतो. तो मोजणारा कांचेचा इलेक्ट्रोड रसांत बुडालेला असतो, आणि त्या रसांतील क्षार त्याच्याच अंगावर कीट होऊन बसतात. कीट चढलें कीं आंकडा चुकतो, आंकडा चुकला कीं चुना चुकतो, आणि हा सारा गोंधळ पडद्यावर अगदीं सभ्य, स्थिर रेषेच्या रूपानें दिसत राहतो. हा इलेक्ट्रोड काढून, धुऊन, ज्ञात पी-एच.च्या द्रावणांत बुडवून पारखणारा मनुष्य हाच आमच्या लेखाचा विषय. त्याच्या हातून रोज वांचणारी साखर कोणी त्याच्या नांवावर मांडीत नाहीं.

पुढें पॅनमध्यें रस आटवतांना पूर्वींचे पॅनमन अंगठा आणि तर्जनी यांमध्यें पाकाची तार काढून दाणा धरण्याची वेळ ओळखीत. आमच्या वाचक भगिनींना एकतारी आणि दोनतारी पाक सांगावयास नको. विद्या तीच, पातेलें मात्र अनेक टनांचें. आज ती वेळ उपकरणें सांगतात. तरी चांगला पॅनमन अजूनहि उपकरणाकडे पाहून झाल्यावर कांचेंतून दाण्याकडे पाहतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु खरी परीक्षा बॉयलरपाशीं. चिपाडावर चालणारे जुने बॉयलर २१ किलोच्या आसपासच्या दाबाचे असत. वीज करून विकण्याची सोय झाल्यापासून ६७, ८७, प्रसंगीं ११० किलो दर चौरस सेंटिमीटरला, इतक्या दाबाचे बॉयलर खेडेगांवाच्या शिवारांत उभे राहिले आहेत. बॉयलरच्या वरच्या पिंपांत पाण्याची पातळी ठराविक राहिली पाहिजे; ती फार खालीं गेली तर नळ्या कोरड्या पडून फुटतात. मग पातळी उतरली कीं पाणी वाढवावें आणि चढली कीं कमी करावें, एवढें पुरे, असें कोणासहि वाटेल. येथेंच फसगत आहे. टर्बाइननें एकदम जास्त वाफ ओढली कीं पिंपांतील दाब उतरतो, पाण्यांतील बुडबुडे फुगतात, आणि पाणी प्रत्यक्षांत कमी होत असतां पातळी वर चढलेली दिसते. दूध उतूं जातें तेव्हां पातेल्यांत दूध वाढलेलें नसतें, हें घरांतील कोणतीहि स्त्री जाणते. पण निव्वळ पातळी पाहणारें यंत्र तें जाणत नाहीं, आणि नेमक्या त्या क्षणीं पाणी तोडतें. म्हणून पातळीच्या जोडीला जाणारी वाफ आणि येणारें पाणी हींहि मोजून तिन्हींचा एकत्र विचार करण्याची रीत पडली. उपकरण खोटें बोलत नव्हतें. पातळी खरोखरच चढली होती. तिचा अर्थ कोणी लावावयाचा हा प्रश्न होता.

अमेरिकेंत १९७९ सालीं थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्रांत याच प्रकारची घोडचूक घडली. एक झडप उघडी अडकून राहिली होती आणि तींतून अणुभट्टीचें पाणी निघून जात होतें. कक्षांतील दिवा मात्र झडप मिटल्याचें दर्शवीत होता. वास्तविक मिटण्याचा हुकूम झडपेला गेला आहे, एवढेंच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला कीं नाहीं हें सांगण्याची त्याची व्यवस्थाच नव्हती. दोन तासांहून अधिक वेळ कोणाच्या तें ध्यानांत आलें नाहीं आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. घरांत गड्याला सांगितलें म्हणजे काम झालें असें समजणारे यजमान आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

उलट, जागच्या जागीं नीट बसवलेलें एखादें उपकरण काय देऊन जातें याचा दाखला आपल्या कोयनेंतच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपांत कोयनानगर उध्वस्त झालें आणि पावणेदोनशेंच्या वर माणसें गेलीं. त्या वेळीं धरणाच्या आंत बसवलेल्या कंपमापकानें जमिनीच्या हिसक्यांची जी नोंद केली, ती पुढें जगभरच्या अभियंत्यांनीं धरणांच्या भूकंपपरीक्षेसाठीं प्रमाण म्हणून वापरली. धरणाला तडे गेले होते, तें मागाहून बळकट केलें. तें किती बळकट करावें याचा हिशेब अशा नोंदींशिवाय अंदाजपंचेंच राहिला असता. आज कऱ्हाडजवळ हजारमाची येथें केंद्र सरकारची प्रयोगशाळा या भागांतील भूकंपांचा अभ्यास खोल विंधनविवरें घेऊन करते. भूगर्भाची नाडी पाहण्याचें तेंहि कामच आहे, आणि तेथेंहि उपकरणें जाणणारीं माणसें लागतात.

जुन्या घरांतून लग्नाच्या दिवशीं घंगाळांत तरंगणारें घटिकापात्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या धंद्याचें आणखी एक अंग सहज समजेल. पात्राच्या बुडाशीं बारीक भोंक, त्यांतून पाणी शिरून पात्र बुडालें कीं २४ मिनिटांची एक घटका. पण वर्षानुवर्षें घासून तें भोंक झिजलें, कीं पात्र लवकर बुडूं लागतें. भटजी तितक्याच गंभीरपणें घटका मोजीत राहतात आणि मुहूर्त सरकलेला कोणास कळत नाहीं, कारण ताडून पाहावयास दुसरें पात्र नसतें. कारखान्यांतील प्रत्येक उपकरण असेंच हळूहळू झिजतें आणि सरकतें. तें ठराविक मुदतीनें प्रमाणित उपकरणाशीं ताडून पाहणें आणि तसा लेख सहीनिशीं ठेवणें, याला कॅलिब्रेशन म्हणतात. काम कंटाळवाणें आहे. न केलेल्या तपासणीची सही ठोकून देण्याचा मोह त्यांत रोज होतो, आणि सही करणारा बहुधा एकटाच असतो. मुलगा गणितांत हुषार आहे हें आम्हांस पुष्कळ पालक लिहितात. न मोजलेला आंकडा तो वहींत भरील कीं नाहीं, हें कोणी लिहीत नाहीं. या शाखेला तें अधिक लागतें.

भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून चालू आहे. तिचें दूध ज्यांच्या घरीं येतें त्यांस दुग्धालयांतील एक युक्ति माहीत असावी. निर्जंतुक करण्याच्या रूढ पद्धतींत दूध निदान ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलें पाहिजे. त्या वाटेवर एक झडप अशी असते, कीं उष्णता कमी पडल्याबरोबर ती दूध पुढें न जाऊं देतां मागें परत फिरवते. तिला हुकूम देणारी वीज किंवा हवा बंद पडली तरीहि दूध परतच फिरावें अशी तिची ठेवण करतात. प्रत्येक झडप बिघडली तर कोणत्या बाजूला बिघडावी, हें आधींच ठरवून ठेवणें हा या अभियंत्याच्या अभ्यासाचा भाग आहे. इंधनाची मिटावी, थंड पाण्याची उघडावी. आम्हांस हा विचार फार आवडतो.

आतां पोटापाण्याचें. या विद्येला काम मिळण्याच्या जागा साखर, दूध आणि वीज एवढ्याच नाहींत. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, तेलशुद्धीकरण, खतें, सिमेंट, कागद, शहरांचे पाणीपुरवठे, या सर्वांना ती लागते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनीं कृष्णेचें पाणी दुष्काळी तालुक्यांत चढवलें आहे. तेथेंहि पंप, पातळ्या आणि प्रवाह यांचें मापन आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून नव्या कारखान्यांचीं रेखाटनें करणारे, पी. एल. सी. नांवाच्या यंत्राला काम नेमून देणारे, आणि नवा कारखाना प्रथम चालू करून देण्यासाठीं गांवोगांव आणि देशोदेशीं फिरणारे, असे अनेक वर्ग यांत आहेत. आखाती देशांतील तेलकारखान्यांत आपल्याकडील अशा माणसांस मागणी असते.

तोटे झांकून ठेवणें बरोबर नव्हे. आरंभींचा पगार कॉम्प्युटरच्या चांगल्या नोकरीपेक्षां बहुधा कमी असतो आणि अनुभवानें, सावकाश, वाढतो. पुष्कळ कामें कारखाने स्वतः न करतां ठेकेदाराकडून करवून घेतात, आणि ठेकेदाराकडील नोकरी म्हणजे ठेका असेपर्यंतची. साखर कारखान्याचें काम गाळपाच्या चार-सहा महिन्यांत रात्रंदिवस, आणि उरलेल्या काळांत दुरुस्तीचें. कांहीं ठिकाणीं पगार थकतात हें या दोन जिल्ह्यांत कोणापासून लपलेलें नाहीं. रात्रीं दोन वाजतां बोलावणें येतें. उंच शिडीवर, तापलेल्या नळाशेजारीं, हातांत पाना घेऊन उभें राहावें लागतें. आमच्या समाजांत हात काळे होण्याचें भय अजून गेलेलें नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर लोखंडी नांगर घडवण्यास येऊन बसले, त्याला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यांचें नांव आपण अभिमानानें घेतों आणि मुलाला पंख्याखालची खुर्ची शोधतों.

शिक्षणाच्या वाटा तीन आहेत. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दहावीनंतरच तीन वर्षांची पदविका, आणि तिच्यावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षीं प्रवेश. किंवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी. पदविकेच्या वाटेस सुशिक्षित घरें नाक मुरडतात. आमच्या मतें ज्या मुलाला हातानें काम करण्याची गोडी आहे त्याला तीच वाट अधिक पक्की करते. या नांवाची स्वतंत्र पदवी-शाखा मोजक्या महाविद्यालयांत आहे. पुण्याचें जुनें अभियांत्रिकी महाविद्यालय, जें २०२२ पासून विद्यापीठ झालें आहे, आणि नांदेडचें गुरु गोविंदसिंहजींच्या नांवाचें, हीं त्यांत जुनीं. साखरधंद्यांतच जावयाचें असेल त्यास पदवीनंतर कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेंत औद्योगिक इन्स्ट्रुमेंटेशनचा अभ्यास करतां येतो.

मुलींसाठीं ही शाखा नको, असें एका वाचकांनीं मागें लिहिलें होतें. महर्षि कर्व्यांच्या संस्थेनें पुण्यांत चालवलेल्या कमिन्स महाविद्यालयांत मुली ती शिकतच आहेत. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें स्त्रियांच्या रात्रपाळीवर घातलेलें बंधन आतां सैल झालें असून स्त्रीची संमति, सुरक्षितता आणि जाण्यायेण्याची सोय या अटींवर ती पाळी करतां येते. अटी कागदावरच आहेत कीं प्रत्यक्ष पाळल्या जातात, हें मात्र नोकरी घेण्यापूर्वीं स्वतः पाहावें.

राहतां राहिला सांगलीच्या घरचा तंटा. आजोबांना आम्ही सांगूं इच्छितों, कीं त्यांची इच्छा आणि नातवाची इच्छा यांत वैर नाहीं. या धंद्यांतील पुष्कळ माणसें इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकूनच आलेलीं आहेत, आणि त्या शाखा वालचंदमध्यें घरचें जेवून शिकतां येतात. मात्र मिळेल ती शाखा हें त्यांचें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. चार वर्षें आणि त्यापुढचीं चाळीस नातवानें काढावयाचीं आहेत. वडिलांना इतकेंच, कीं आजच्या नियंत्रण-कक्षांत कॉम्प्युटर भरपूर आहे. त्याच्या पलीकडे वाफ आहे, एवढाच फरक. लग्नाच्या बाजाराविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. त्या बाजारांतील भाव दर पांच वर्षांनीं बदलतांना आम्हीं पाहिले आहेत.

पसंतीचा अर्ज भरण्यापूर्वीं मुलानें एकदां कारखाना आंतून पाहावा. सध्यां गाळप बंद आहे, आणि त्याच्या कामासाठीं हीच वेळ बरी. उपकरणें उतरवून टेबलावर मांडलेलीं असतात आणि माणसांना बोलावयास सवड असते. ओळखीच्या एखाद्या सभासद शेतकऱ्याकरवीं आधीं परवानगी काढावी, पायांत चप्पल घालून जाऊं नये, आणि नियंत्रण-कक्षांतील पडदे पाहून लगेच परत फिरूं नये. इन्स्ट्रुमेंट विभागांतील वयस्क फिटरजवळ अर्धा तास बसावें, गेल्या हंगामांत कोणतें उपकरण कितीदां सरकलें आणि तें प्रथम कोणाच्या लक्षांत आलें, हें त्यांस विचारावें. काकूंनाहि बरोबर न्यावें.